सांकवाळच्या वाटेवर चार दिवस

पहिला दिवस : डिचोली ते पणजी

डिचोलीच्या बसस्टँडवर भाचीने समोरच्या टेम्पोचा नंबर वाचला, ४३५८, आणि मांडीवरच्या वहीत खेळ मांडला. आकडे आधी उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करायची. ८५४३ वजा ३४५८, उरले ५०८५. त्याचं पुन्हा तेच. ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४चे ६१७४च. चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फार तर सात पावलांत ती इथेच येऊन थांबते.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूत जन्मलेला आणि देवळालीच्या शाळेत पोरांना शिकवण्यात हयात घालवलेला हा माणूस आज जगभरच्या गणिताच्या वर्गांत ओळखला जातो. शाळा सुरू झाली की पहिल्या तासाला मी हाच खेळ घेते. त्यामुळे माझ्या मुलांना कापरेकर ठाऊक असतात. गणिती दामोदर कोसंबी मात्र ठाऊक नसतात, आणि ते तर आपल्या गोव्याचे. हे मला कित्येक वर्षं खुपतंय. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाचीने भाऊबिजेच्या ताटावर विचारलं, "मावशी, गोव्यात गणिताचं काही बघण्यासारखं आहे का गं?" आणि मी ठरवून टाकलं, आता निघायचं. ती बारावीला, मी बावीस वर्षं गणिताची शिक्षिका. दोघींच्या दोन पिशव्या आणि घरचे उरलेले फोव, एवढंच सामान. (फोव म्हणजे पोहे.)

पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दुपार काढली. बाहेर आल्यावर मांडवीच्या काठाने चालत कला अकादमीपर्यंत गेलो. कोसंबींच्या नावाचा विचार महोत्सव २००८ पासून इथे भरतो. टपाल खात्यानेही त्याच वर्षी त्यांचं तिकीट काढलं. मी पहिल्यांदा गेले ती इतिहासावरची व्याख्यानं ऐकायला, आणि घरी येऊन शोधत बसले तेव्हा कळलं की हा माणूस मुळात गणिती होता.

चालता चालता भाचीला सांगत गेले. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे आणि पालीचे मोठे पंडित. ते हार्वर्डला कामासाठी गेले तेव्हा, १९१८ साली, मुलालाही घेऊन गेले. अकरा वर्षांचा मुलगा बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये शाळेत गेला आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाला. मग बनारस, अलीगढ, १९३३ पासून पुण्यात फर्ग्युसन, आणि पुढे होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं तेव्हा मुंबई. राहायला मात्र ते पुण्यातच होते, डेक्कन क्वीनने जाऊन येऊन करायचे. "म्हणजे रोज सात-आठ तास प्रवासात?" भाचीने विचारलं. वाचन आणि लिखाण त्यांनी त्या गाडीतच भरपूर केलं.

अलीगढची एक गोष्ट तिला भारी आवडली. तिथे आंद्रे वेल नावाचा तरुण फ्रेंच गणिती आला होता. त्याच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक शोधलेख छापला आणि त्यातलं प्रमेय कुणा बुर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाचं म्हणून दिलं. असा कुणी रशियन नव्हताच. पुढे चार वर्षांनी वेल आणि त्याच्या मित्रांनी मिळून गणिताची नव्याने मांडणी करायला घेतली आणि त्या सामुदायिक कामावर नाव घातलं निकोला बुर्बाकी. आज कॉलेजात गणित शिकणारा प्रत्येक जण रिकाम्या संचाचं जे चिन्ह काढतो ते या मंडळींनी रूढ केलेलं. हे नाव लेखात पहिल्यांदा छापलं गेलं ते गोव्यात जन्मलेल्या एका चोवीस वर्षांच्या प्राध्यापकाच्या हातून. भाची थांबली, रेलिंगला टेकली आणि म्हणाली, "हे आमच्या पुस्तकात का नाही?"

दुसरा दिवस : जुने गोवे, आणि पलीकडे दिवाडी

सकाळी जुने गोवे. पर्यटक बासिलिकाकडे वळले, आम्ही समोरच्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात गेलो. वर व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे. ही रांग सुरू केली ती पोर्तुगीज गव्हर्नर दों जुवांव द कास्त्रोने, १५४७ मध्ये, आणि मला त्यालाच बघायचं होतं.

कास्त्रोचं नाव इतिहासात दीवच्या वेढ्यासाठी येतं. किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते तेव्हा त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. पण माझ्या लेखी तो आधी पेद्रो नुनेसचा शिष्य. नुनेस हा पोर्तुगालचा गणिती, जन्म १५०२. कास्त्रो १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला निघाला तो नुनेसने सुचवलेली उपकरणं घेऊन, आणि वाटेत जागोजागी सूर्याची सावली मोजून होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते लिहून ठेवत आला. जवळ तोफ असली की सुई भरकटते हेही त्याच्या नोंदीत आहे. गुरूने कागदावर मांडलेलं शिष्याने हलत्या जहाजावर तपासून पाहिलं.

नुनेसचा मोठा शोध मला नेहमी फळ्यावर समजावायला जड जातो. संग्रहालयाबाहेरच्या गाड्यावरून एक मोसंबं घेतलं आणि भाचीच्या हातात बॉलपेन दिला. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. देठापासून खालपर्यंत उभ्या रेघा काढायला सांगितल्या. आता मधून सुरुवात कर आणि प्रत्येक उभ्या रेघेला त्याच तिरकस कोनात छेदत वर जा. तिने जीभ दातात धरून रेघ ओढली. रेघ सरळ राहीना. ती देठाभोवती गोल गोल फिरत आत आत जायला लागली. होकायंत्राचा एकच कोन धरून चाललेलं जहाज पृथ्वीवर असंच चालतं. ती वाट सर्वांत जवळची वाटही नसते आणि वर्तुळही नसते. हे नुनेसने १५३७ मध्ये मांडलं. पुढे १५६९ साली मर्केटरने नकाशा काढला तो याच वाटा सरळ दिसाव्यात म्हणून. शाळेच्या भिंतीवर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते त्यापायी.

नुनेसची आणखी एक खूण भाचीच्या दप्तरात आहे. अंशाचे बारीक भाग वाचायची त्याची एक युक्ती होती. तिचंच सोपं रूप पुढे १६३१ मध्ये व्हर्नियेने काढलं, तेच आपलं प्रयोगशाळेतलं व्हर्नियर कॅलिपर. पोर्तुगीज भाषेत त्या सरकत्या पट्टीला अजून 'नोनियू' म्हणतात, नुनेसच्या लॅटिन नावावरून.

एक गोष्ट मात्र मनात घोळत होती आणि मी ती तिच्यापासून लपवली नाही. हे गणित ज्या जहाजांना वाट दाखवत होतं त्याच जहाजांतून देवळं पाडायचा हुकूमही आला. उद्या आपण जाणार त्या सांकवाळात ते घडलं. मला नुनेसचं कौतुक करताना ते विसरता येत नाही, आणि ते आठवताना नुनेसची रेघ खोटी ठरत नाही. दोन्ही सोबतच सांगायला हवं, मुलांना तर नक्कीच.

ऊन चढल्यावर सेंट पॉल कॉलेजच्या कमानीशी गेलो. नुसती कमान उरलीय, जांभ्या दगडाची, माथ्यावर गवत. मागे काही नाही. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना इथे सुरू झाला. १५७८च्या सप्टेंबरात मातेओ रिची नावाचा पंचवीस वर्षांचा इटालियन जेझुइट पाद्री गोव्यात उतरला आणि इथे राहिला. रोममध्ये तो क्लावियुसकडे गणित शिकला होता, ज्या क्लावियुसने आजच्या कॅलेंडरची आकडेमोड केली. रिची पुढे चीनला गेला आणि १६०७ मध्ये शू ग्वांगची या विद्वानासोबत त्याने युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं चिनी भाषेत आणली. नाव ठेवताना त्यांनी 'जीहे' हा शब्द घेतला. त्याचा साधा अर्थ 'किती?' चारशे वर्षं झाली, चिनी मुलं भूमितीला आजही जीहेच म्हणतात.

१६१८ मध्ये योहान श्रेक हा जर्मन जेझुइट गोव्यात आला. गॅलिलिओ ज्या विद्वत्सभेचा सभासद होता तिचाच हाही. चीनमधून त्याने युरोपला लिहिलेल्या पत्राला केपलरने उत्तर दिलं. म्हणजे केपलर आणि गॅलिलिओ यांना ओळखणारा माणूस या धुळीतून चालला होता. वाट उलटीही वाहायची. सवाई जयसिंगाने खगोलाची नवी कोष्टकं मिळवायला पोर्तुगालला माणसं पाठवली ती गोव्याच्या वाटेनं, आणि ती १७३०च्या सुमारास ला हिर या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टकं घेऊन परतली. जयसिंगाने ती डोळे मिटून मानली नाहीत. स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक दाखवली. त्याच्याच पदरच्या जगन्नाथ सम्राटांनी युक्लिड संस्कृतात आणला, 'रेखागणित' म्हणून. कमानीच्या सावलीत आम्ही शिळे फोव खाल्ले. भाची मोसंबं खायला तयार होईना, त्यावरची रेघ पुसली जाईल म्हणून.

दुपारी फेरीबोटीने दिवाडीला. माझी जुनी मैत्रीण तिथे राहते. तिची उमेदीची वर्षं भाताच्या पैदाशीवर काम करण्यात गेली. घरी गेल्या गेल्या तिने आम्हाला बांधावर नेलं. एका बाजूला नदीचं मचूळ पाणी, दुसऱ्या बाजूला कापणीला आलेलं खाजनातलं, म्हणजे बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतलं भात, मधे मानशीचे लाकडी दरवाजे. भरतीला ते आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. या शेतात जुनं कोरगुट पिकतं, खाऱ्या पाण्याला न भिणारं. तिने एक लोंबी तोडून भाचीच्या तळहातावर चोळली. दाणा जाड, तांबूस.

"बाय, हा खारेपणा सोसायचा गुण कुठल्या गुणसूत्रावर, कुठे बसलाय हे शोधायचं, तर त्याचा नकाशा लागतो," ती सांगू लागली. केरळच्या पोक्काली भातातला असा एक भाग पहिल्या गुणसूत्रावर सापडलाय, त्याला साल्टोल म्हणतात. पण गुणसूत्रावर मोजपट्टी लावता येत नाही. आई आणि बाप यांचे गुण पुढच्या पिढीत जाताना गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. दोन खुणा जितक्या दूर, तितक्या वेळा त्या एकमेकींपासून तुटतात. शंभरातल्या किती रोपांत तुटल्या ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. अडचण अशी की दोन खुणांमध्ये दोनदा अदलाबदल झाली तर त्या पुन्हा जोडीनेच दिसतात, आणि मोजणी फसते.

मग तिने घरी आणून लॅपटॉप उघडला. नकाशा काढायचा प्रोग्राम. एका खिडकीत विचारत होता, अंतर कुठल्या सूत्राने काढू? खाली दोनच नावं. हाल्डेन. कोसंबी.

भाची खुर्चीतून उठली. "हे ते कोसंबी?"

तेच. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनने १९१९ मध्ये धरलं होतं की एका जागची अदलाबदल दुसऱ्या जागच्या अदलाबदलीशी काही संबंध ठेवत नाही. प्रत्यक्षात एक झाली की तिच्या शेजारी लगेच दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी १९४४ साली छापलेल्या लेखात हा अडथळा हिशेबात घेतला. मैत्रिणीने शंभरात वीस रोपं तुटलेली घालून दाखवली: हाल्डेनच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक), कोसंबींच्या सूत्राने २१.२. भाचीने वहीत स्वतः करून पाहिलं. १.४ भागिले ०.६, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, त्याचा चौथा हिस्सा. ०.२११८. "आलं!" ती ओरडली, तशी स्वयंपाकघरातून मैत्रिणीची सासू डोकावली.

मैत्रीण म्हणाली, "इतकी वर्षं मी हे नाव रोज क्लिक करत होते. जपानी असेल असं वाटायचं मला."

मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. भात, गहू, मका, कशाचाही नकाशा काढणारे जगातले कितीतरी लोक रोज या सूत्राचा वापर करतात. आणि त्या माणसाच्या मातीतलं खारं भात जपायला धडपडणाऱ्या बाईला तो आपला आहे हेच सांगितलं गेलं नव्हतं. आम्हा शिक्षकांचं हे राहून गेलेलं काम आहे.

तिसरा दिवस : सांकवाळ

झुआरीच्या नव्या पुलावरून कुठ्ठाळी, आणि तिथून सांकवाळ. धर्मानंद कोसंबींचा जन्म इथला, ९ ऑक्टोबर १८७६. घरी माडांची बागायत, शिक्षण जेमतेम मराठी शाळेतलं. एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि १८९९च्या अखेरीस घर सोडून ते पुण्याला गेले. पुढे काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. पोटाची आबाळ, पायी प्रवास. दामोदरला जी चिकाटी मिळाली ती कुठून, हे या गावात उभं राहिल्यावर कळतं.

घर शोधायला म्हणून आम्ही आलो नव्हतो, पण विचारलं. माडाखाली झावळ्या विणत बसलेल्या आजीने "कोसंबी? नांव आयकलां," म्हणून मान हलवली आणि आम्हाला पाणी दिलं. गावात एका जुन्या इगर्जेचा, म्हणजे चर्चचा, नुसता दर्शनी भाग उभा आहे, मागे आभाळ. त्याच्यापाशी फार वेळ थांबलो नाही. वर पठारावर बिट्स पिलानीचा मोठा परिसर, २००४ पासूनचा. हातात लॅपटॉपच्या बॅगा घेतलेली देशभरची मुलं बसमधून उतरत होती.

नाक्यावर चहा घेतला. सुट्टे परत आले त्यातली रुपयाची नाणी भाचीने वर्षांप्रमाणे ओळीने लावली, कारण येताना मी तिला कोसंबींच्या नाण्यांचं सांगितलं होतं. दुकानदारालाही मौज वाटली, त्याने गल्ला पुढे केला. नव्या नाण्याची कड बोटाला लागते. जुन्यांची गुळगुळीत, आकडा बुजत आलेला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. कोसंबींनी तीच मोजली. एका वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनाची सरासरी काळाबरोबर घटते आणि त्यांच्यातला आपसातला फरक वाढतो. हे धरून त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यातली चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी एकेक करून तराजूवर घातली. नाण्याच्या मागच्या बाजूला जितक्या जास्त खुणा, तितकं वजन कमी. म्हणजे तितकं जास्त फिरलेलं. ज्या काळाची लेखी नोंद नाही तिथे नाण्याच्या झिजेवरून कालक्रम लावला. भारताचा इतिहास लिहायला ते वळले त्याची सुरुवात या वजनकाट्यापासून झाली. पुढे गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावकरी पद्धतीवरही त्यांनी लिहिलं; गावकरी म्हणजे गावाची जमीन सामायिक सांभाळणारी संस्था. जी गावकरी कालच्या त्या खाजनांचे बांध राखत आली.

भाचीने विचारलं, "त्यांचं काही चुकलं नाही का कधी?" चुकलं. उत्तरायुष्यात रिमानचं अनुमान, मूळ संख्यांविषयीचं अजून न सुटलेलं कोडं, संभाव्यतेच्या वाटेने सिद्ध केल्याचा दावा त्यांनी केला, आणि गणितींनी तो मानला नाही. १९६२ नंतर संस्थेतली नोकरीही राहिली नाही. २९ जून १९६६ला पुण्यात झोपेतच गेले, वय अठ्ठावन्न. मला ही चूक झाकाविशी वाटत नाही. १९४३ साली यादृच्छिक फलांची, म्हणजे योगायोगाने बदलत्या राशींची, जी मांडणी त्यांनी केली ती कार्हुनेन आणि लोएव्ह या गणितींच्या आधीची, आणि चित्रं, आवाज, चेहरे थोडक्यात साठवायच्या तंत्रात ती आज चालते. नाव कित्येक वर्षं त्या दोघांचंच राहिलं. आता काही जण तिन्ही नावं जोडून लिहितात.

चौथा दिवस : वेलिंग

परतीच्या वाटेवर म्हार्दोळजवळ वेलिंगला उतरलो. इथला लक्ष्मीनृसिंह मूळचा सांकवाळचा. १५६७ मध्ये तिथलं देऊळ गेलं आणि भक्तांनी देवाला नदीपार आणलं. भाचीला हे आधी सांगितलं नव्हतं. पुजाऱ्यांच्या तोंडून "सांकवाळसून आयिल्लो देव" ऐकलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं.

देवळामागच्या तळीवर बसलो. झऱ्याचं पाणी एकसारखं पडत होतं. सभामंडपात तुळशीच्या लग्नाची तयारी, उसाचे कांडे रचून ठेवलेले. तिने पिशवीतून मोसंबं काढलं. दोन दिवसांत शाई थोडी पसरली होती, पण देठाभोवतीचे वळसे दिसत होते. मग वही उघडून दिवाडीचं सूत्र एका नव्या पानावर सुवाच्य उतरवलं, वर मराठीत लिहिलं: 'कोसंबी, सांकवाळ'. क्षणभर थांबून पेन माझ्याकडे दिला. "मावशी, जन्मसाल तू घाल. शाळा उघडली की हेच पान मुलांना दाखव."

मी १९०७ लिहिलं.